आधी तक्ते, मग गोषवारा

हिंगोली जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती, तेव्हा मी तिथल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट म्हणून लागलो. आमचा तांडा सेनगाव तालुक्यातला, साखऱ्याजवळचा. तांड्यात माझ्या हुद्द्याचं नाव कुणालाच धड घेता यायचं नाही. कुणी विचारलं की आई सांगायची, "लेकरू कंबरेचा डाक्टर हाय." मीही ते कधी दुरुस्त केलं नाही.

विभागात आम्ही दोघंच. मी आणि माझ्या वरच्या मॅडम. त्या तेव्हा पंचेचाळिशीच्या असतील. इथल्याच एका खेड्यातल्या बौद्ध कुटुंबातल्या, वडील प्राथमिक शाळेत मास्तर. नागपूरला शिकल्या, तिकडेच चांगली नोकरी होती, पण वडिलांच्या आजारपणात परत आल्या आणि इथल्याच झाल्या. उंच, सावळ्या, सुती साडीवर पांढरा कोट. आवाज असा, की व्हरांड्यात बाकावर पोक काढून बसलेला माणूसही तो ऐकून सरळ बसायचा.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला गार केलं. कंबर धरून आलेल्या एका बाईंना मी ऐटीत सांगितलं, "मावशी, तुमची गादी सरकलीय." मॅडमनी त्यांच्या देखतच विचारलं, "कशावरून?"

"एक्स-रेवरून," मी म्हणालो.

"एक्स-रेत गादी दिसते?"

दिसत नाही. एक्स-रेत हाडं दिसतात, दोन मणक्यांमधली गादी दिसत नाही, हे मला परीक्षेत विचारलं असतं तर मी झोपेतही सांगितलं असतं. पण तोंडात ते वाक्य बसलेलं होतं, सगळेच म्हणत, म्हणून मीही म्हणालो. मावशी माझ्याकडे बघून हसल्या आणि मॅडमना म्हणाल्या, "असू द्या बाई, नवं पोरगं हाय."

दुपारी मॅडम एवढंच बोलल्या, "सरकली म्हटलं की ती बाई आयुष्यभर घागर उचलताना भिईल. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं." त्यावर मला फार राग आला होता, हे खरं सांगितलं पाहिजे. तो जायला महिना लागला.

शनिवारी दुपारी बाह्यरुग्ण विभाग लवकर बंद व्हायचा. मग मॅडम टेबलाच्या खणातून झेरॉक्सचा गठ्ठा काढायच्या. औरंगाबादच्या एका ग्रंथालयात त्यांची मैत्रीण होती. ती परदेशी नियतकालिकांतले फिजिओथेरपीचे लेख झेरॉक्स करून टपालाने पाठवायची. कंबरदुखीचे लेख जास्त, कारण आमच्याकडे येणारे निम्मेअधिक लोक कंबरेचेच. निंदणीच्या बाया, एसटीचे चालक, हमाल, दिवसभर मशीनवर वाकणारे शिंपी.

अशा प्रत्येक लेखाच्या डोक्यावर आठ-दहा ओळींचा सारांश छापलेला असतो. त्याला अॅबस्ट्रॅक्ट म्हणतात. मॅडम त्याला गोषवारा म्हणायच्या. कुणावर उपचार केले, कसे केले, काय निघालं, सगळं तिथे थोडक्यात असतं आणि बहुतेक माणसं तेवढंच वाचतात. मॅडमची तऱ्हा उलटी. लेख हातात आला की पहिल्या पानाची वरची बाजू न बघता दुमडायच्या आणि तिला टाचणी लावायच्या. मग पद्धत वाचायची, मग तक्ते. पट्टी लावून एकेक रांग. ते झालं की वहीत स्वतः चार ओळींचा गोषवारा लिहायचा. आणि शेवटी टाचणी काढून छापलेला गोषवारा आपल्याशी ताडून बघायचा.

"एवढा खटाटोप काहून करता?" मी एकदा विचारलं. "लिहिणाऱ्यानंच सारांश दिलाय की."

"लिहिणाऱ्याला आपलं काम आवडतं," त्या म्हणाल्या. "मला माझे पेशंट आवडतात."

मला वाटलं, खेड्यात अडकून राहिलेल्या हुशार बाईचा हा विरंगुळा असावा.

त्याच सुमाराला गावात इंटरनेट कॅफे निघाला. दोन संगणक, मध्ये प्लायवुड, आणि फोनची लाइन लागेपर्यंत किरकिर. पण त्यात सगळ्या जगाचे गोषवारे फुकट दिसायचे. पूर्ण लेख मात्र विकत, तोही डॉलरमध्ये. मी संध्याकाळी जाऊन गोषवाऱ्यांमागून गोषवारे वाचू लागलो. तासाभरात मॅडमच्या सहा महिन्यांएवढं वाचून होतंय, असं वाटून छाती फुगायची.

तिथेच मला तो गोषवारा सापडला. कंबरदुखीच्या लोकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले होते. एका गटाला नुसते व्यायाम, दुसऱ्याला व्यायाम आणि सोबत ट्रॅक्शन. ट्रॅक्शन म्हणजे पेशंटला पलंगावर झोपवून कंबरेला पट्टा बांधायचा आणि यंत्राने हळूहळू ताण द्यायचा. दुसऱ्या गटाचं दुखणं लक्षणीयरीत्या कमी झालं, ट्रॅक्शनचा उपयोग वाढवायला हवा, असा निष्कर्ष होता. आमच्याकडे ट्रॅक्शनचं यंत्र होतं. मॅडम ते क्वचितच वापरायच्या, एरवी त्यावर चादर असायची.

नेमक्या तेव्हा मॅडम तीन आठवड्यांच्या रजेवर होत्या. गावातल्या एका साप्ताहिकाचे संपादक आमच्याकडे मान दाखवायला यायचे. ते म्हणाले, "डॉक्टर, आरोग्यावर काहीतरी लिहा." मी एका बैठकीत लिहून दिलं. मी 'प्रभावी उपाय' असं लिहिलं होतं. छापून आलं तेव्हा वर मथळा होता, 'कंबरदुखीवर रामबाण इलाज आता हिंगोलीत'. खाली माझं नाव आणि पासपोर्ट आकाराचा फोटो. आईने तो अंक तांड्यात घरोघर दाखवला.

आणि माणसं येऊ लागली. नरसीहून आली, साखऱ्याहून आली, थेट कळमनुरीच्या पलीकडून आली. "ती वढायची मशीन लावा," एवढंच मागणं. मी यंत्रावरची चादर काढली ती कायमचीच.

त्यात जवळा बाजार या गावचा एक हमाल होता. चाळिशीचा, आडव्या बांध्याचा, बोलायला मऊ. सोयाबीनचं पोतं पाठीवर घेताना त्याला उसण भरली होती. मॅडमनी रजेवर जाण्याआधी त्याला व्यायाम शिकवले होते, रोज थोडं थोडं चालायला लावलं होतं, आणि तो सुधारत होता. पण आता तो पेपरचं कात्रण शर्टाच्या खिशात घालून आला. "ह्ये माझ्यासाठी काहून न्हाई लावलं आधी?" मी लावलं. व्यायामही चालू ठेवा म्हणालो. पण यंत्र ताणतंय म्हटल्यावर वाकायचं कशाला, असं त्याला वाटलं आणि घरचे व्यायाम सुटले. चालणं सुटलं. आठ-दहा दिवसांत कळ कंबरेतून मांडीत उतरली. तरी तो यायचा. मी विचारलं की म्हणायचा, "पेपरात आलंय म्हंजे गुण येईलच की, सायेब. थोडी तकलीफ सोसतो."

मॅडम रजेवरून परतल्या तेव्हा व्हरांडा भरलेला होता. त्यांनी यंत्राकडे बघितलं, हमालाकडे बघितलं. त्याला उताणं झोपवलं, पाय उचलून बघितला, गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, आणि मला म्हणाल्या, "यांचं आजपासून बंद." मग बाजूला घेऊन विचारलं, "काय झालंय?"

मी सांगितलं. नवा अभ्यास, दोन गट, निष्कर्ष.

"पूर्ण वाचला?"

"गोषवारा तेवढा," मी म्हणालो. त्या रागावतील म्हणून मी उत्तर जुळवून ठेवलं होतं, पण त्या रागावल्याच नाहीत. त्यांनी एक आंतरदेशीय पत्र घेतलं, मैत्रिणीला लेखाचं नाव कळवलं आणि म्हणाल्या, "येईपर्यंत आपलं जुनंच चालू द्या."

लेख यायला दोन आठवडे लागले. शनिवार नव्हता, तरी मॅडमनी काम संपल्यावर दार लोटून घेतलं. सवयीप्रमाणे वरची बाजू दुमडून टाचणी लावली. "तुम्ही गोषवारा वाचलाय, तुमची नजर आता तिकडेच जाईल. मी लिहिते. तुम्ही फक्त पट्टी धरा."

मी पट्टी धरून उभा राहिलो. अर्ध्या तासाने त्यांच्या वहीत जे उतरलं ते असं होतं. आपल्याला मुख्यतः काय तपासायचंय, हे अभ्यासकांनी आधीच ठरवलं होतं: पेशंटला रोजची कामं करता येऊ लागतात की नाही. त्यात दोन गटांत फरक नाही. दुखण्याच्या आकड्यात उपचार संपताच थोडा फरक, पुढच्या तपासणीपर्यंत तोही पुसलेला. ट्रॅक्शनच्या गटातले काही जण पायात कळ वाढली म्हणून मधूनच सोडून गेले, त्यांना शेवटच्या हिशेबात धरलेलं नाही.

मग त्यांनी टाचणी काढली आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. एकाच लेखाचे दोन गोषवारे, पण ते दोन वेगळ्या अभ्यासांचे असावेत असं वाटत होतं.

"खोटारडे आहेत," मी म्हणालो.

"एकही वाक्य खोटं नाही. परत वाचा."

मी परत वाचलं. खरंच नव्हतं. दुखणं कमी झालं होतं, तेवढ्या दिवसांपुरतं. छापलेला शब्द न् शब्द खरा होता. जे छापलं नव्हतं त्यात सगळं होतं. पायात कळ आली म्हणून निघून गेलेली ती कुठल्या देशातली माणसं, त्यांना दहा ओळींत जागा मिळाली नव्हती. आणि इथे त्यांच्यासारखाच एक माणूस माझ्या फोटोचं कात्रण खिशात घालून कळ सोसत होता.

"आता?" मी विचारलं.

"आता जिथे लिहिलंत तिथेच परत लिहा."

संपादक तयार होईनात. "डॉक्टर, खुलासा कोण वाचतं? लोक विसरले पण असतील." दुसऱ्या दिवशी मॅडम माझ्यासोबत आल्या. संपादकांच्या खुर्चीसमोर बसल्या, चहा घेतला, मानेचं कसं आहे विचारलं आणि शांतपणे म्हणाल्या, "तेच पान, तेवढंच अक्षर. नाहीतर लोक आम्हाला विचारतील तेव्हा आम्ही तुमचं नाव सांगू." तेच पान मिळालं नाही, पण आतल्या पानावर चांगला ठसठशीत मजकूर आला. मथळा पुन्हा संपादकांचाच होता, 'तो इलाज रामबाण नव्हे'. या वेळी फोटो नको म्हणून मी सांगितलं होतं, तरी छापला. आईने तोही अंक जपून ठेवला. तिला वाचता येत नव्हतं.

यंत्र बंद केल्यापासून हमाल फिरकला नव्हता. त्याला मात्र पेपरातून कळू द्यायचं नाही, असं मी ठरवलं. बाजाराच्या दिवशी जवळा बाजारला गेलो. आडतीसमोर पोत्यांच्या थप्पीला टेकून तो उभा होता. काम करत नव्हता, जोडीदारांची सोबत म्हणून आला होता. मी त्याला सगळं सांगितलं. मी लेखाचा वरचा भाग तेवढा वाचला होता, आतलं वाचलं नव्हतं, आतमध्ये वेगळं होतं.

त्याने नीट ऐकून घेतलं. मग शेजारच्या पोत्याचं तोंड सैल करून आतून मूठभर सोयाबीन काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "म्हंजे वरल्या मुठीवर भाव केला तुमी. सायेब, आमी वरलं न्हाई बघत. परखीची नळी खुपसून पार बुडाचं काढतो. बुडी काय हाय ते पाहूनच बोली लागते."

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"व्हय, चुकलं," तो म्हणाला. नाही नाही, असू द्या, असं काही म्हणाला नाही, आणि त्याबद्दल मला आजही त्याचा आदर वाटतो. मग दाणे पोत्यात परत टाकून म्हणाला, "पण सांगाया आलात. बाईंनी धाडलं का?"

"नाही. मीच आलो."

"मंग येतो सोमवारी. ते वाकायचं फिरून शिकवा. निम्मं इसरलो."

तो आला. मॅडम आणि मी दोघांनी मिळून त्याला पुन्हा चालतं केलं. मांडीतली कळ आधी गेली, कंबर हळूहळू सैल झाली, आणि तुरीच्या हंगामात तो पुन्हा कामावर उभा राहिला. सुरुवातीला जोडीने पोती उचलून, मग एकट्याने. एक दिवस तो मॅडमसाठी जवळ्याच्या बाजारातून टरबूज घेऊन आला आणि पाया पडायला वाकला. "बाई, तुमच्यामुळं हाय मी."

मॅडम मागे सरकल्या. "असं म्हणू नका. कंबर बहुतेकांची काही महिन्यांत आपोआपही सुधारते. आमच्यामुळे किती आणि आपोआप किती, मला सांगता येत नाही. वाकलात मात्र झकास, दुखलं का?"

"न्हाई!" तो म्हणाला आणि पुन्हा वाकून दाखवलं.

दाराशी आलेलं श्रेय हातात न घेता परत पाठवणारं माणूस मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. आमच्या धंद्यात तर नाहीच.

आणखी एक गोष्ट मॅडमनी केली. लेखाच्या लेखकाला पत्र लिहिलं. मला वाटलं होतं कडक लिहितील. पण पत्र नम्र होतं, शाळेतल्या अक्षरात लिहिलेलं. आम्ही एका लहान गावातले फिजिओथेरपिस्ट आहोत, आमच्यासारख्यांना गोषवाराच तेवढा फुकट मिळतो, पूर्ण लेख मिळत नाही. म्हणून जे मुख्य तपासायचं ठरलं होतं त्याचं उत्तर गोषवाऱ्यात असायला हवं होतं, आणि सोडून गेलेल्यांचा उल्लेखही. चार महिन्यांनी उत्तर आलं. पोस्टमन तिकिटं बघत बघतच घेऊन आला. लेखकाने लिहिलं होतं की तुमचं म्हणणं बरोबर आहे. शब्दांची मर्यादा होती, आणि जे ठळक दिसेल ते वर घ्या, असा सगळ्यांचा आग्रह झाला. सोबत न छापलेला एक सविस्तर तक्ताही जोडला होता, त्यांच्या हाताच्या टिपणांसह.

मी जिंकल्यासारखा ओरडलो. मॅडमनी तक्ता उलगडला, पट्टी घेतली आणि वाचता वाचता म्हणाल्या, "चांगला माणूस आहे. सगळं मोजून ठेवलंय बघा." त्यांना लेखकाची चूक सापडल्याचा आनंद नव्हता. त्याने मोजणी प्रामाणिक केली होती, याचाच आनंद होता. त्यानंतर मी शनिवारी आपण होऊन टाचण्यांची डबी काढायला लागलो.

पाच-सहा वर्षांनी आम्ही दोघांनी मिळून स्वतःचा एक लहानसा अभ्यास केला. रुग्णालयात येऊन आमच्यासमोर व्यायाम करणं, आणि चित्रांचा कागद घेऊन घरी व्यायाम करणं, यात फरक पडतो का, एवढाच प्रश्न. कागदावरची चित्रं मॅडमनी काढली, लुगडं नेसलेली बाई आणि धोतर नेसलेला माणूस, म्हणजे लोकांना ते आपले वाटावेत. गट पाडायला चिठ्ठ्या पाण्याच्या तांब्यात टाकल्या. कुणी कुठल्या गटात जायचं हे पेशंटनेच चिठ्ठी उचलून ठरवायचं. वर्षभर मोजलं. फरक निघाला नाही.

राज्याच्या परिषदेला पाठवायचा गोषवारा मी लिहिला. दोन दिवस घासून घासून लिहिला. मॅडमनी वाचला आणि पेन्सिल पहिल्या वाक्यावर ठेवली. "'स्त्रियांमध्ये रुग्णालयातील व्यायामांचा अधिक लाभ दिसून आला.' बायकांचं वेगळं बघायचं असं आपण आधी ठरवलं होतं?"

"नाही. पण आकडे चाळताना दिसलं."

"मग ते वर काहून आलं?"

उत्तर माझ्याकडे होतं, आणि ते सांगायची लाज वाटत होती. वर्षभर राबून 'फरक नाही' हे लिहायला हात वळत नव्हता. काहीतरी निघावं, एवढीच इच्छा होती. मी एकही खोटा शब्द लिहिला नव्हता. ज्याला मी खोटारडा म्हणालो होतो त्या परदेशातल्या माणसाच्या खुर्चीवर मी किती सहज जाऊन बसलो होतो, हे मला तेव्हा कळलं. मॅडमनाही ते कळलं असणार, पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

त्या म्हणाल्या, "फरक नाही, म्हणजे नरसीच्या बाईला रोजची मजुरी पाडून, बस धरून आपल्याकडे यायची गरज नसावी. ही बातमी लहान आहे का? हीच वर घ्या. आणि आपली माणसं थोडी होती, म्हणून खात्रीने सांगता येत नाही, तेही लिहा. बायकांचं शेवटी टाका, नंतर सुचलं म्हणून."

मी तसंच लिहिलं. परिषदेत आम्हाला शेवटच्या दिवशी, जेवणानंतरची वेळ मिळाली. सभागृहात मोजकी माणसं, त्यातली काही परतीच्या गाडीसाठी पिशव्या मांडीवर घेऊन बसलेली. मी उभा राहिलो आणि पहिलं वाक्य वाचलं, "दोन्ही पद्धतींत फरक आढळला नाही." कुणी टाळी वाजवली नाही. मॅडम दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या, चष्मा कपाळावर ठेवून, आणि हातातल्या आमच्या तक्त्यावर एकेक रांग बोटाने उतरत होत्या.

दुसऱ्या आठवड्यात नरसीहून एक आजी आल्या, कंबर धरून. मी त्यांना तपासलं, सहा व्यायाम करून घेतले आणि चित्रांचा कागद दिला. पंधरा दिवसांनी या, तोवर घरीच करा, म्हणालो. त्यांनी कागद उलटसुलट करून बघितला, लुगड्यातल्या बाईवर बोट ठेवलं आणि संशयाने मला विचारलं, "घरी केलं तर बराबर गुण येतो का रं?"

"आम्ही मोजून पाहिलं, आजी," मी म्हणालो. "येतो असं वाटतंय. पक्कं अजून माहीत नाही."

पडद्यापलीकडे मॅडम एका पेशंटला वाकायला शिकवत होत्या. माझं बोलणं त्यांना ऐकू गेलं असावं, कारण त्यांचा आवाज क्षणभर थांबला. मग नेहमीसारखा पुन्हा सुरू झाला, "हां, खाली. अजून खाली. भिऊ नका."